कारभारणीची नोंद

बारामतीहून काटेवाडी, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी असा इंदापूरकडे जाणारा रस्ता नीरा डाव्या कालव्याच्या बागायती पट्ट्यातून जातो. या पट्ट्यातील गावांत घरातील थोरली स्त्री गेल्यानंतर तिच्याविषयी जे बोलले, छापले आणि चौकातल्या फलकावर लावले जाते, त्याची एक ठरीव भाषा आता तयार झाली आहे. दहाव्याच्या दिवशी होणाऱ्या श्रद्धांजलीच्या भाषणांत आणि वर्षभराने होणाऱ्या पुण्यस्मरणाच्या पत्रिकेत हीच भाषा थोड्याफार फरकाने पुन्हा येते. पुण्यस्मरण म्हणजे निधनाच्या तिथीला होणारा स्मरणविधी. सकाळी दहाच्या सुमारास कीर्तन सुरू होते, बाराच्या ठोक्याला तसबिरीवर फुले पडतात आणि मग पंगती बसतात. त्या पत्रिकेवर ‘मातृतुल्य’, ‘सोशिक’, ‘कष्टाळू’, ‘त्यागमूर्ती’, ‘माऊली’ ही विशेषणे असतात आणि खाली मुलगे, सुना, नातवंडे, जावई यांची लांबलचक यादी असते. पत्रिका वाचून संपते तेव्हा वाचकाला बाईचा स्वभाव कळलेला असतो, गोतावळा कळलेला असतो. साठ वर्षे त्या घरात तिने नेमके केले काय, एवढे मात्र कळलेले नसते.

ही विशेषणे खोटी आहेत असे नाही. कुटुंबासाठी स्वतःला झिजवणाऱ्या स्त्रिया या मुलुखात घरोघर होत्या व आहेत, आणि त्यांच्यासाठी दाटून येणारा कंठ अस्सलच असतो. पण त्याच गावातील, त्याच पिढीतील पुरुषाच्या श्रद्धांजलीशी ही भाषा ताडून पाहिली म्हणजे फरक ध्यानात येतो. पुरुषाबद्दल बोलताना वक्ता क्रियापदे वापरतो: अण्णांनी विहीर पाडली, पाइपलाइन आणली, सोसायटीचे चेअरमनपद सांभाळले, थोरल्याला शिकवले, धाकट्याला दुकान घालून दिले. स्त्रीबद्दल बोलताना विशेषणे येतात. त्याच विहिरीसाठी अंगावरचे डाग, म्हणजे सोन्याचे दागिने, मोडून देणारी, त्याच पाइपलाइनच्या मजुरांच्या भाकरी थापणारी आणि थोरल्याच्या वसतिगृहाची फी दुधाच्या पैशातून भरणारी स्त्री भाषणात ‘खंबीरपणे पाठीशी उभी’ राहिलेली असते. क्रियापद मिळते तेही उभे राहण्याचेच.

वास्तविक बोलीभाषेला या स्त्रीचे काम चांगले ठाऊक आहे. पश्चिम महाराष्ट्राच्या ग्रामीण मराठीत नवरा बायकोला ‘कारभारीण’ म्हणतो आणि ती त्याला ‘कारभारी’ किंवा ‘मालक’ म्हणते. कारभार हा शब्द राज्यकारभारातला आहे. पेशवाईत कारभारी म्हणजे राज्याची सूत्रे हलवणारा मुत्सद्दी. शेतकऱ्याच्या घराने तो शब्द उचलून संसाराला लावला, तेव्हा घर चालवणे हे व्यवस्थापन आहे आणि ते दोघांचे आहे, हे त्याला उमगलेले होते. सासूने एका दिवशी कणगीची आणि कपाटाची किल्ली सुनेच्या हाती देणे हा या कारभाराचा हस्तांतर समारंभच असे, फक्त त्याला निमंत्रणपत्रिका नसे. जिवंतपणी कारभारीण असलेली ही स्त्री मरणानंतर माऊली होते, आणि या बढतीत तिचा हुद्दा जातो.

कायद्याची भाषा तर बोलीच्याही मागे राहिलेली आहे. हिंदू एकत्र कुटुंबाच्या प्रमुखाला कायद्यात ‘कर्ता’ म्हणतात. कुटुंबाच्या वतीने व्यवहार करण्याचा, कर्ज काढण्याचा आणि गरजेपोटी मिळकत विकण्याचा अधिकार त्याला असतो. मिताक्षरा पद्धतीत वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सा असलेल्यांना सहदायाद म्हणतात. परंपरेने ते फक्त पुरुष असत आणि कर्ता त्यांच्यातलाच असावा लागे. नवरा वारला, मुले अज्ञान आहेत आणि आईच सगळे पाहते आहे, अशा घरात आईला कर्त्याचे अधिकार मानावेत असे नागपूरच्या उच्च न्यायालयाने १९४७ मध्ये म्हटले होते. परंतु १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोविंदराम शुगर मिल्स खटल्यात ती वाट बंद केली: विधवा सहदायाद नाही, म्हणून ती कर्ता होऊ शकत नाही. पुढे २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने मुलींना सहदायाद केले आणि त्या आधारे २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने थोरल्या मुलीला कर्ता मानले. या प्रगतीचा आनंद मानतानाही एक विसंगती नजरेआड करता येत नाही. लग्न होऊन परगावी गेलेली लेक माहेरच्या कुटुंबाची कर्ता होऊ शकते; आणि विसाव्या वर्षी उंबऱ्यावरचे माप ओलांडून आत आलेली, ऐंशीव्या वर्षी त्याच घरातून खांद्यावरून बाहेर गेलेली स्त्री मात्र कायद्याच्या लेखी त्या घराची कर्ता कधीच नव्हती.

या स्त्रीचा कारभार कशाचा होता, हे कालव्याच्या पट्ट्यात विशेष स्पष्ट दिसते. इंदापूर तालुका पर्जन्यछायेतला, कमी पावसाचा. १८८० च्या दशकात भाटघर धरणाच्या पाण्यावर नीरा डावा कालवा सुरू झाला आणि या माळरानात ऊस आला. त्यानंतर १९३० च्या दशकात कळंबजवळ वालचंद हिराचंद यांनी साखर कारखान्याभोवती वालचंदनगर वसवले, आणि स्वातंत्र्यानंतर भवानीनगरला शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा राहिला. ही सारी हकीकत शेतीच्या आणि सहकाराच्या पुस्तकांत सापडते. तिच्यात न सापडणारी गोष्ट अशी, की उसाचा पैसा फार उशिरा येतो. या भागात नावाजलेला आडसाली ऊस पावसाळ्याच्या तोंडाशी किंवा भर पावसाळ्यात लावतात आणि तो सोळा ते अठरा महिन्यांनी तुटतो. तुटल्यावरही त्याचे बिल हप्त्याहप्त्याने मिळते आणि त्यातून सोसायटीचे, म्हणजे गावच्या विविध कार्यकारी सेवा सोसायटीचे, पीककर्ज आधीच कापून घेतलेले असते. लावणीपासून पहिल्या हप्त्यापर्यंतच्या दीड वर्षात मीठ-मिरची, शाळेची वह्या-पुस्तके, डॉक्टर, पाहुणारावळा आणि लग्नातले आहेर कशावर चालायचे, हा प्रश्न उसाने कधी सोडवला नाही.

तो गोठ्याने सोडवला. दुधाचे बिल दहा दिवसांनी येते. धार कोणी काढली, डेअरीवर किटली कोणी नेली हे घराघरांत वेगळे असेल. पण गाय केव्हा विकायची, कालवड राखायची की नाही, तोडणीच्या दिवसांत उसाचे वाढे गोळा करून वैरणीत किती बचत करायची आणि आलेल्या बिलातून आधी पेंडवाल्याला द्यायचे की दुकानदाराला, हे बहुतेक घरांत थोरली बाईच ठरवत असे. त्याला शेळ्या, कोंबड्यांची अंडी, बांधावरची तूर, चारीकडेची मेथी-कोथिंबीर आणि बायकांच्या भिशीची जोड असे. म्हणजे एकाच छपराखाली दोन अर्थव्यवस्था नांदत होत्या: एक अठरा महिन्यांची आणि एक दहा दिवसांची. पहिलीचे कागद कारखान्यात, बँकेत आणि सोसायटीत आहेत, तिचे संचालक निवडून येतात आणि त्यांच्या तसबिरी लागतात. दुसरीचा हिशेब एका बाईच्या डोक्यात होता आणि तिच्याबरोबर गेला. दुसरी नसती तर पहिली एक हंगामही तगली नसती. सहकाराच्या इतिहासकारांनी या भागावर पुष्कळ लिहिले. या दहा दिवसांच्या पैशाकडे मात्र त्यांचे लक्ष क्वचितच गेले.

तिच्या नियोजनाचा आवाका पाहायचा तर पालखीचा दिवस पाहावा. संत तुकाराम महाराजांचा पालखी सोहळा बारामतीहून निघून काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण घेत, सणसरवरून, बेलवाडीच्या गोल रिंगणानंतर अंथुर्ण्याकडे येतो. तिथीच्या हिशेबाप्रमाणे तो गावात मुक्कामी असतो किंवा पुढे निमगाव केतकीला जातो. एकेका दिंडीचे एकेका घराशी पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते असते आणि ती दिंडी त्याच अंगणात उतरते. शंभर माणसे जेवणार म्हटली की किती पायल्या ज्वारी-बाजरी निवडून, ऊन देऊन, कधी दळायला घालायची, कोणत्या चार घरांतून परात, काथवट, पाट आणि तवे मागवायचे, कोणत्या सुनेने चुलीपुढे बसायचे आणि कोणी वाढायला उभे राहायचे, पाऊस आलाच तर चूल कुठे हलवायची, उपवासकऱ्यांचे काय, आंघोळीच्या पाण्याचा टँकर केव्हा सांगायचा, या सगळ्याचे उत्तर आदल्या पंधरवड्यातच तयार असते. भाकरी थापणाऱ्या बायका आठ-दहा असतात, पीठ मळून गोळे करून देणारी वेगळी असते, आणि ओसरीवर बसून, जागची न उठता, ‘आता भाकरी बास, पिठल्याला हात घाला’ असे सांगणारी एकच असते. वारकरी निघताना तिच्या पाया पडतात, ती त्यांच्या पडते. लिहिता न येणाऱ्या बाईने शंभर पानांचा हा अंदाज वर्षानुवर्षे न चुकता बांधावा, याला भक्ती म्हणून हात जोडणे सोपे आहे. ते एक कसब आहे, हे म्हणायला थोडे जड जाते.

कागदावर ही स्त्री उशिरा येते, आणि कधी कधी अगदी अनपेक्षित जागी. आज ऐंशीच्या घरात असलेल्या किंवा नुकत्याच गेलेल्या कितीतरी जणींचे नाव सरकारी दप्तरात पहिल्यांदा लागले ते १९७२ च्या दुष्काळात, खडी फोडण्याच्या आणि नालाबंडिंगच्या कामावरच्या हजेरीपटात. तगारी वाहून, मिलो ज्वारीची भाकरी आणि सुकडी खाऊन त्यांनी घर जगवले. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने पुढे १९७७ मध्ये केला, त्याच्या मुळाशी या हजेरीपटांचा अनुभव आहे. सातबाऱ्यावर, म्हणजे जमिनीची मालकी व पीकपाणी दाखवणाऱ्या उताऱ्यावर, तिचे नाव बहुधा नवऱ्याच्या मृत्यूनंतर वारस म्हणून चढले. हिंदू उत्तराधिकार कायद्याने १९५६ मध्ये विधवेला पहिल्या वर्गाचा वारस केले होते, म्हणून तलाठ्याला ते लावावेच लागे. मग तिच्या पश्चात फेरफाराची आणखी एक नोंद होई आणि हस्तलिखित उताऱ्यात तिच्या नावाभोवती कंस पडे, म्हणजे नाव कमी झाले. मधल्या वर्षांत तिच्या हयातीतच मुलींची हक्कसोडपत्रे झालेली असत; बहिणींनी भावांच्या लाभात हिस्सा सोडून देण्याच्या या दस्तावर लेकींना ‘माहेर तुटू नये’ म्हणून सही करायला पुष्कळदा आईनेच समजावलेले असे. याही कारभाराची तीच कारभारीण होती.

शेतकरी संघटनेने शरद जोशी यांच्या पुढाकाराने लक्ष्मी मुक्तीचा कार्यक्रम घेतला, तेव्हा शेतकऱ्याने आपण होऊन बायकोच्या नावे जमीन करावी असे आवाहन केले गेले, आणि १९९२ मध्ये राज्य शासनाने नवऱ्याच्या उताऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून पत्नीचे नाव लावण्याची योजना काढली. तरीही २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील एकूण वहितीधारकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्केच भरले. साखर कारखान्याचे उत्पादक सभासदत्व जमिनीशी आणि उसाशी बांधलेले असल्याने ज्या बाईचे नाव उताऱ्यावर नाही, ती कारखान्याच्या मतदारयादीतही नसते. तिच्या स्मरणात सहकाराचा शब्द येत नाही, त्याचे कारण इतके साधे आहे.

या सर्वसाधारण चित्राला एक ठळक अपवाद अंथुर्ण्यापासून काही मैलांवरच्या काटेवाडीत आहे, आणि तो अपवाद असूनही त्याच्या स्मरणाची रीत नेहमीचीच राहिली, म्हणून तो विचारात घेण्यासारखा आहे. शारदाबाई गोविंदराव पवार यांचा जन्म १९११ चा, कोल्हापूरकडील गोलिवडे गावचा. रमाबाई रानडे यांनी नावारूपाला आणलेल्या पुण्याच्या सेवासदनात त्यांना शिकायला मिळाले. त्या काळातील बहुजन समाजातल्या मुलीच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हती. गोविंदराव सहकारी खरेदी-विक्री संघाच्या आणि पुढे भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याच्या उभारणीच्या कामात होते. सात मुलगे आणि चार मुली असा अकरा मुलांचा संसार आणि शेती सांभाळत शारदाबाई १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेल्या आणि पुढेही निवडून येत राहिल्या. लोकल बोर्ड म्हणजे आजच्या जिल्हा परिषदेची पूर्वज संस्था. प्राथमिक शाळा, दवाखाने, गावरस्ते आणि पाणवठे हे तिच्या कामाचे विषय. वळूच्या हल्ल्यात पाय जायबंदी झाल्यावर पुढचे आयुष्य त्यांनी कुबड्यांच्या आधाराने काढले. १९७५ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्याविषयीची सर्वांत प्रसिद्ध हकीकत त्यांचे चिरंजीव शरद पवार यांनी वेळोवेळी सांगितलेली आहे. शरदरावांचा जन्म १२ डिसेंबर १९४० चा. मूल तीन दिवसांचे असताना आई त्याला बरोबर घेऊन लोकल बोर्डाच्या बैठकीसाठी पुण्याला गेली. ही गोष्ट महाराष्ट्रात सांगितली जाते ती मुलाच्या राजकारणाचा शकुन म्हणून. राजकारणाचे बाळकडू तिसऱ्या दिवशीच मिळाले, असा तिचा शेवट होतो आणि सभागृह हसून टाळी देते. मुलाने आईची आठवण कृतज्ञतेने सांगावी यात काही वावगे नाही. ऐकणाऱ्यांनी तिच्यातला नायक बदलला, हा मुद्दा आहे. तीन दिवसांच्या बाळाने त्या दिवशी काही केले नव्हते. जे केले ते एकोणतीस वर्षांच्या बाईने केले होते. सोयर, म्हणजे जन्मानंतर दहा दिवस पाळायची अशौचाची रीत, आणि बाळंतिणीने सव्वा महिना खोलीबाहेर न पडण्याचा दंडक ज्या समाजात पाळला जात होता, त्या समाजातली ती बाई ओल्या अंगाने काटेवाडीहून पुण्याचा प्रवास करून समितीच्या बैठकीला बसली. त्या बैठकीपुढे काय विषय होता, त्यावर त्या काय बोलल्या, मत कोणत्या बाजूला दिले, शाळेचा प्रश्न होता की रस्त्याचा, हे ही गोष्ट ऐकणाऱ्यांपैकी सहसा कोणी विचारत नाही. असा प्रवास एखाद्या पुरुष सदस्याने मोडक्या पायाने केला असता तर पहिला प्रश्न विषयपत्रिकेचाच निघाला असता.

त्यांच्या घरातली दुसरी एक गोष्ट मातृत्वाच्या रूढ कल्पनेला अधिक धक्का देणारी आहे. केशवराव जेधे यांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या बारामती लोकसभेच्या जागेसाठी १९६० मध्ये पोटनिवडणूक झाली, तेव्हा थोरले चिरंजीव वसंतराव शेतकरी कामगार पक्षाचे उमेदवार होते आणि विशीही न गाठलेले शरदराव काँग्रेसचे उमेदवार गुलाबराव जेधे यांचे काम करत होते. शारदाबाई स्वतः शेतकरी कामगार पक्षाच्या विचाराच्या. सख्खा भाऊ उभा असताना विरुद्ध बाजूचे काम करणारा मुलगा त्याच घरात जेवत होता, राहत होता. कन्या सरोज यांचा विवाहही पुढे त्याच पक्षाचे नेते एन. डी. पाटील यांच्याशी झाला. कुटुंब एकत्र ठेवणारी आई सगळ्यांना एका रंगाचे करून ठेवते, ही समजूत इथे उताणी पडते. मतभेदाला घरात जागा देणे हा भाबड्या वात्सल्याचा परिणाम नसून विचारपूर्वक स्वीकारलेले राजकीय वळण आहे, असे मानायला इथे भरपूर आधार आहे. बारामतीजवळच्या शारदानगरला, कृषी विकास प्रतिष्ठानाच्या आवारात, त्यांच्या नावाचे महिला महाविद्यालय आहे आणि परिसराचे नावही त्यांच्यावरूनच पडले आहे. एवढे स्मारक फार थोड्या कारभारणींच्या वाट्याला येते. तरीही लोकल बोर्डातील त्यांच्या कामाचा स्वतंत्र अभ्यास मुलांच्या कीर्तीच्या मानाने अगदीच मागे पडलेला आहे, हे नाकारता येणार नाही.

येथे एक आक्षेप येऊ शकतो आणि तो हलका नाही. आईची आठवण ही हिशेबवही नव्हे. तिने किती भाकरी थापल्या, किती बिले चुकती केली याची नोंद मांडत बसलो तर तिच्या मायेचे मोल मजुरीत केल्यासारखे होईल, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप घेणाऱ्यांनी एक गोष्ट पाहावी: माया आणि काम यांची फारकत त्या स्त्रीने केलेली नव्हती, ती स्मरण करणाऱ्यांनी केली. नातवाच्या ताटात वाढलेला तुपाचा गोळा ही तिची माया होती, आणि ते तूप घरी राखायचे की विकायचे हा तिचा निर्णय होता. देशभरातील २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे बिनमोल घरकामात जातात आणि पुरुषांची ९७, असे आढळले. ही मिनिटे मोजल्याने कोणाची माया आटल्याचे ऐकिवात नाही.

उलट काम म्हणून पाहिले तरच या स्त्रीच्या चुकाही पाहता येतात, आणि हे महत्त्वाचे आहे. देव्हाऱ्यात बसवलेल्या माऊलीला चूक करता येत नाही. कारभारीण चुकते. दुधावरची साय मुलाला आणि ताक मुलीला हा भेद तिनेच केला, धाकट्या सुनेचा सासुरवास तिच्याच हातून झाला, आणि घरात विधवा झालेल्या लेकीच्या कपाळावरचे कुंकू पुसायला पुढे झालेल्या बायकांतही ती होती. तीच पुढे स्वतः विधवा झाली तेव्हा तिच्या नावामागे ‘सौ.’ जाऊन ‘गं. भा.’ लागले, म्हणजे गंगा भागीरथी; नातीच्या हळदीला तिला मागे बसवले गेले आणि त्याच लग्नाचा सारा खर्च, बस्ता आणि मानपान तिच्याच सल्ल्याने ठरले. मंगल कार्यात अपात्र आणि कारभारात अपरिहार्य अशी ही दुहेरी अवस्था होती. शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवांवर लादल्या जाणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा या अवस्थेच्या एका अर्ध्या भागाला हात लागला. दुसरा अर्धा, म्हणजे तिच्या अधिकाराची अधिकृत मान्यता, अजून ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर यायचा आहे.

मराठीत आईच्या स्मरणाचे साहित्य मुलांनी लिहिले, आणि त्याचा मानदंड साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ने १९३५ मध्ये घालून दिला. त्याचे मोठेपण निर्विवाद आहे. पण त्यानंतर प्रत्येक मुलाला आपली आई त्याच साच्यात ओतावीशी वाटली, हा त्या पुस्तकाचा दोष नसला तरी परिणाम आहे. बायकांनी स्वतःबद्दल लिहिले तेव्हा सूर निराळा लागला. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त विक्षिप्त नवऱ्याबरोबरच्या संसाराचे हसू आहे, आणि नीरेपलीकडच्या फलटणच्या बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये सासुरवासाचे वर्णन एकाही सोज्वळ विशेषणाशिवाय आलेले आहे. न शिकलेल्यांनी जात्यावर ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या पुढाकाराने अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आणि त्यांत इंदापूर तालुक्यातील बायकांच्या ओव्याही आहेत. त्यांतली आई, सासू, जाऊ आणि नणंद ही हाडामांसाची माणसे आहेत. भांडतात, हेवा करतात, वाटणीत काय मिळाले ते सांगतात. जाते गेले आणि ओवीही गेली. तिच्या जागी फलक आला, त्यावर बोलते ती बाई नव्हे, तिचा फोटो.

राज्य शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात स्वतःच्या नावानंतर आईचे नाव लावणे बंधनकारक झाले आहे. ही पिढी मोठी होईल तेव्हा आईचे नाव दाखल्यावर शोधावे लागणार नाही. त्याआधीच्या पिढ्यांचे मात्र कागद घरातच आहेत आणि ते फार दिवस टिकणारे नाहीत: दूध डेअरीची तेलकट पासबुके, सोसायटीच्या वसुलीच्या पावत्या, मोडलेल्या डागाची सोनाराची चिठ्ठी, भिशीची वही, १९७२ च्या कामाचा एखादा दाखला, वाटणीपत्राचा मसुदा. जिल्हा लोकल बोर्डाची जागा १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदेने घेतली. त्या बोर्डाची इतिवृत्ते अभ्यासकांनी आता मुलाच्या चरित्राची तळटीप म्हणून नव्हे, तर शारदाबाईंच्या कामासाठी उघडावीत. आणि अंथुर्ण्यात किंवा कुठेही ज्या घरातील आजी गेली असेल, त्या घराने पुढच्या पुण्यस्मरणाची पत्रिका छापायला टाकण्यापूर्वी तिची पत्र्याची ट्रंक एकदा उघडून पाहावी, आणि आत जे कागद निघतील ते रद्दीत देऊ नयेत.